पत्त्यांवर चालणारी शाळा

चोर न सापडलेली प्रकरणे माझ्या नोकरीत बरीच झाली. पण पैसा गेला, खोलीभर माणसे नागवली आणि चोर असा कुणी नव्हताच, असे प्रकरण एकच. ते कुवेतमधले. आज त्याच्याकडे वळून पाहिले तरी मनात पहिल्यांदा राग येत नाही, कुतूहलच येते. राग नंतर येतो.

मी तेव्हा मुंबई पोलिसात फौजदार होतो. एका तेल कंपनीला तिच्या वसाहतीच्या बंदोबस्तासाठी हिंदुस्थानी माणसांची भाषा कळणारा अधिकारी हवा होता. खात्याकडून बिनपगारी रजा घेऊन मी गेलो. कुवेतमध्ये तेव्हा आपला रुपयाच चालत असे. अबू हलीफा गावाच्या बाजूला समुद्र, उरलेल्या तिन्ही बाजूंना वाळू, आणि मध्ये पत्र्याच्या बराकींची रांग. एकेका बराकीत एकेका मुलखाची माणसे. ज्या बराकीची ही गोष्ट आहे तिथे रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठच्या गावातले मुसलमान कामगार राहत. कुणी क्रेनवर, कुणी पाइपांच्या जोडणीवर, कुणी गोदामात.

माझे वय कोवळे होते आणि डोक्यात पत्रके होती. दारूबंदीची, जुगारबंदीची, सावकारीविरुद्धची. शाळेत असताना मी ती बाजारपेठेत उभा राहून वाटली होती. जुगाराचा अड्डेवाला म्हणजे गरिबाच्या ताटात हात घालणारा माणूस, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती. आजही नाही. फक्त तो हात कसा दिसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

वसाहतीतल्या आमच्या पोलीस ठाण्याचे रोजचे काम साधे होते. सकाळी हजेरी, मग फाटकावरची पाळी वाटून देणे, गस्तीची नोंद, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक सामानाची झडती. तांब्याची तार आणि हत्यारे बाहेर जात, म्हणून कंपनी झडतीच्या बाबतीत कडक होती.

एके दिवशी त्या बराकीतला एक विंचवाला, म्हणजे वजने ओढणारे यंत्र चालवणारा, रजेवर निघाला होता. फाटकावरच्या नातूराने, म्हणजे पहारेकऱ्याने, त्याची ट्रंक उघडली आणि लगेच मिटली. "खलास, साहेब. खाली आहे," तो खूश होऊन म्हणाला. त्याचे काम वाचले होते.

मी मात्र ती पुन्हा उघडायला लावली. दोन सदरे, एक चादर, खजुराची एक पिशवी. एवढेच.

कोकणी माणूस आखातातून घरी जातो तेव्हा त्याच्या ट्रंकेत त्याचे स्वतःचे सामान सगळ्यांत कमी असते, हे मी वर्षभर पाहत आलो होतो. खोलीतला प्रत्येक जण त्याच्याकडे आपल्या घरचे पार्सल देतो. कुणाचे सुती कापड, कुणाची साबणाची वडी, कुणाच्या पोराची चड्डी. ते नाकारायचे नसते आणि द्यायला विसरायचेही नसते. दोरीने आवळल्याशिवाय ट्रंकेचे झाकण बसत नाही. आणि हा माणूस रिकामी ट्रंक घेऊन चालला होता.

"बाकीच्यांची पार्सलं कुठायत?" मी विचारले.

"या टायमाला कुणी दिली नाय, साहेब."

"भांडलास का सगळ्यांशी?"

"भांडीन कशाला? देणार काय ते? कुणाकडं कायच नाय." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "कोकण बोटीतनं धक्क्यावर उतरलो की आळीतल्या बाया येतील. माझ्या नवऱ्यानं काय धाडलंन, माझ्या पोरानं काय धाडलंन. आई आजारी नसती तर मी गेलोच नसतो."

पगार वेळेवर होत होते, हे मला ठाऊक होते. मग एका बराकीतली सगळी माणसे एकाच वेळी कफल्लक कशी? मी त्याला सावलीत नेले, पाणी दिले. बस सुटायला वेळ होता. तो बुटाच्या टोकाने वाळू उकरू लागला. मग म्हणाला, "आमच्यातला एक फिटर हाय. त्यानं पत्त्यात लबाडी करून सगळ्यांचे पैसे खाल्ले म्हणतात. त्याला जमातीबाहेर काढणार हायत. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय, ते मोडेल. मी म्हणतो, त्यानं खाल्ले असते तर त्याचे डोळे असे खोल गेले असते काय?"

"पत्ते कुठं खेळता?"

"शुक्रवारी जेवणानंतर, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पण साहेब, मी सांगितलं म्हणू नका. आणि शेड बंद करू नका. शाळा बुडेल."

"शाळा? कसली शाळा?"

बसने भोंगा दिला. तो धावत गेला. मी तिथेच उभा राहिलो. जुगार आणि शाळा, या दोन शब्दांची सांगड मला काही केल्या घालता येईना.

शुक्रवार सुटीचा दिवस. मी दोन पहारेकरी घेऊन भर दुपारी शेडमध्ये शिरलो. मुंबईत अड्ड्यावर छापा घातला की माणसे खिडकीतून उड्या मारतात, पत्ते गिळायलाही कमी करत नाहीत. इथे कुणी जागचे हललेसुद्धा नाही. चटयांवर दोन गोल करून माणसे बसली होती, न्हालेली, पांढऱ्या टोप्या घातलेली. मध्यभागी एक पत्र्याची पेटी, तिला वर फट, बाजूला कुलूप. तिच्याजवळ बसलेला पिकल्या दाढीचा माणूस उठला आणि म्हणाला, "या साहेब. चहा घ्या. आम्ही इथं वाईट काय करत नाय."

हा गोदामाचा मुकादम. सगळी बराक त्याला मामू म्हणत असे. गावच्या जमातीचा इथला प्रमुख तोच.

मी पंचनामा केला, पत्ते, पेटी आणि रोकड मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली आणि मामूला ठाण्यावर आणले. माझी खात्री झाली होती. मला अड्डेवाला सापडला होता, आणि तोही दाढीवाला, सज्जन चेहऱ्याचा. पत्रकांतल्या चित्रात असतो तसाच.

"प्रत्येक डावातून तुम्ही काय काढता?" मी विचारले.

"एक रुपया. पेटीत."

"म्हणजे नाल घेता. अड्डेवाल्याचा हिस्सा."

"मी नाय घेत. शाळा घेते." तो शांतपणे म्हणाला. "साहेब, आमच्या गावात शाळा नव्हती. पोरं होडीनं खाडीपलीकडं जायची. पावसात चार म्हयने घरी. मी इथं वर्गणी काढली. दर म्हयन्याला दारोदार फिरलो. हा म्हणे पुढल्या पगाराला, तो म्हणे घरात आजार. वर्षभरात कौलांचे पैसे जमले नायत. आणि हेच लोक शुक्रवारी पत्त्यात हसत हसत घालवीत. मी म्हटलं, हसत घालवता ना? मग त्यातला एक रुपया द्या. सगळे हो म्हणाले. आज तीन खोल्या हायत. दोन मास्तर हायत. पोरीपण जातात."

"तुमच्या धर्मात हे चालतं?"

"नाय चालत. म्हणून मशिदीला त्यातला पैसा लावला नाय. शाळेला लावला."

मी त्याचे म्हणणे खरे मानले नाही. पुढचे काही दिवस मी शोध घेतला. नुकतीच रजा संपवून आलेल्या माणसांना वेगवेगळे बसवून विचारले. मास्तर कोण, पगार कोण देतो, फळा कुठल्या भिंतीवर आहे. सगळ्यांची उत्तरे जुळली. शाळा खरी होती. पेटीतला प्रत्येक रुपया तिथे पोचला होता. मामू स्वतः पत्त्यांना हात लावत नव्हता आणि चहासुद्धा पदरचा पाजत होता. खरे सांगतो, माझी निराशा झाली. मला चोर हवा होता.

मग उरला तो फिटर. त्याची झडती घेतली. उशीत कापूस, ट्रंकेत कपडे. मनगटावर मात्र चकचकीत घड्याळ.

"हे कुठनं आलं?"

"एकदा तीन राजे लागले, साहेब. घेतलं. तेव्हापासून सगळे याच घड्याळाकडं बघतात."

"अजून किती जिंकलास?"

"जिंकतो अधनंमधनं. पुढल्या शुक्रवारी परत जातात." तो कडवट हसला. "मामू म्हणतात, पैसा खोलीतल्या खोलीत फिरतो, आज ह्याचा, उद्या त्याचा. मग सगळे भिकारी झाले तर कुणाकडं तरी असणारच ना! आणि घड्याळ माझ्याच हातात. मी न्यायाधीश असतो तर मीपण मलाच धरलं असतं."

जिंकलेला डाव दहा जणांच्या लक्षात राहतो. हरलेले डाव हरणाऱ्याच्याही लक्षात राहत नाहीत. या एका गोष्टीवर जगभरचे जुगाराचे धंदे चालतात, हे मला त्या घड्याळाने शिकवले.

जमातीची बैठक पुढच्या शुक्रवारच्या नमाजानंतर ठरली होती. त्याच्या आत खरे काय ते शोधले नाही तर त्या माणसाचे गाव तुटणार होते, आणि त्याच्याबरोबर बहिणीचे लग्नही. मी कंपनीच्या इंग्रज सुपरिंटेंडेंटकडे गेलो आणि चौकशी पुरी होईपर्यंत ती शेड बंद ठेवण्याची परवानगी मागितली.

त्याने पाइप पेटवला. "कशासाठी? त्या बराकीत दारू नाही. मारामारी नाही. गैरहजेरी सगळ्यांत कमी तिथेच. करार संपला की दुसऱ्या बराकींतली माणसे घरी पळतात, ही माणसे नव्या करारावर अंगठा देतात. वर शाळा चालते म्हणता. इन्स्पेक्टर, नुकसान कुणाचं होतंय ते तरी दाखवा."

बाहेर आलो तेव्हा माझे कान तापले होते. माणसे करार का वाढवत होती? रिकाम्या हाताने घरी जाता येत नाही म्हणून. ज्याच्या खिशात परतीची हिंमत उरत नाही असा कामगार मालकाला फुकटात मिळत होता. पेटीचा एक फायदा गावाला होत होता, हे खरे. दुसरा फायदा कुणाला होत होता, हे मामूच्या स्वप्नातही नव्हते.

पण नुकसान दाखवा, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. नुकसान खोलीतच फिरत असेल तर गेले कुठे?

मी ठरवले की फिटरची लबाडी डोळ्यांनी पाहायची. बैठकीच्या आदल्या दिवशी पाळी सुटल्यावर मामूला आणि पाच खेळाडूंना ठाण्यावर बोलावले. फिटरलाही बसवले, पण त्याला पत्ते दिले नाहीत. पहिल्यांदा त्याच्याशिवायचा खेळ पाहू, मग त्याला घेऊ, म्हणजे फरक कळेल असा माझा हिशेब. रोकड मुद्देमालात सीलबंद होती, म्हणून प्रत्येकाला एकेक काडेपेटी दिली. रुपयाऐवजी काडी. डावातली एक काडी नेहमीसारखी पेटीत. ती रिकामी पेटी मी मध्ये ठेवली.

"साहेब, पोलीस ठाण्यात जुगार!" एक क्रेनवाला म्हणाला. "उद्या इथंच पिण्याची पण सोय करा."

"तू आधी पत्ते पिस," मी म्हणालो.

खेळ रंगला. मी फक्त हातांकडे पाहत होतो. बाहीत पत्ता जातो का, पिसताना तळचा पत्ता वर येतो का. पहिल्यांदा क्रेनवाल्याची रास वाढली, बाकीच्यांनी त्याला टोमणे मारले. मग त्याची घटली, वेल्डरची वाढली. "वेल्डरा, घड्याळ घेणार काय?" कुणीतरी फिटरकडे पाहून म्हणाले, आणि हसू झाले. चहा आला, संपला, दुसरा आला, रात्र चढत गेली. माणसे काड्यांसाठी खऱ्या रुपयांसारखी ओरडत होती. लबाडी मला एकही दिसली नाही.

मग वेल्डर म्हणाला, "साहेब, काड्या द्या. संपल्या."

"माझ्यापण."

"माझ्याकडं दोनच."

मी खाली पाहिले. चटई मोकळी होती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पुढ्यात पाहू लागला. कुणापुढेच रास नव्हती. क्रेनवाल्यापुढे चार-पाच काड्या, बस. क्षणभर मलाही कळेना. मग मी कुलूप काढून पेटी उलटी केली. काड्यांचा ढीग चटईवर पसरला. पाच काडेपेट्यांचा जवळजवळ सगळा माल.

सगळ्यांनी फिटरकडे पाहिले. फिटर भिंतीशी, पत्त्याला हात न लावता बसला होता.

मामू पुढे सरकला. मूठभर काड्या उचलून त्याने त्या बोटांतून खाली सोडल्या. "पण मी तर डावाला एकच…"

"डावाला एकच," मी म्हणालो. "पण डाव थांबतो कुठं? पैसा तुमच्यात फिरतो आणि दर फेरीला पेटीपाशी थोडा राहतो. पुरेशा फेऱ्या झाल्या की फिरायला काहीच उरत नाही. कुणी लबाड असण्याची गरजच नाही, मामू."

"शाळेतच गेलं ना शेवटी," तो पुटपुटला. त्याचा आधार तोच होता. "पोरांच्याच तर कामी आलं."

तेव्हा वेल्डर, जो इतका वेळ सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, हळू आवाजात म्हणाला, "कुणाच्या पोरांच्या, मामू? माझा पोरगा शाळेत नाय जात. घरी पैसे पोचले नायत म्हणून त्याच्या आईनं त्याला मासेमारीच्या होडीवर घातला. शाळेच्या समोरनं होडी जाते त्याची."

मामूने त्याच्याकडे पाहिले. मग एकेकाकडे. दोघांनी मान खाली घातली. त्यांचीही तीच कथा होती, आणि लाजेने कुणी कुणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नमाज झाल्यावर मामू जमातीपुढे उभा राहिला. मी लांब, दाराबाहेर होतो. तो म्हणाला, "फिटरनं कुणाचा पैसा खाल्ला नाय. पैसा पेटीनं खाल्ला, आणि पेटी मी ठेवली. त्याला बोललो ते मी परत घेतो. कुणाला बोलायचं असंल तर आता मला बोला." आणि त्याने सगळ्यांसमोर फिटरचे दोन्ही हात धरले. त्या वयाच्या, त्या मानाच्या माणसाने हे करणे सोपे नव्हते. लग्न मोडले नाही.

माझ्या अहवालात मी लिहिले की अड्डा चालकाने स्वतः बंद केला, कुणाला कामावरून काढण्याचे कारण नाही. सुपरिंटेंडेंटने सही केली. खांदे उडवले.

मामूने भोजनगृहाच्या दाराशी वर्गणीचा डबा ठेवला. पहिल्या महिन्यात बरे जमले, मग कमी कमी होत गेले. घरी पैसे जाऊ लागले, वेल्डरचा मुलगा होडीवरून उतरला आणि शाळेत बसला, पण तोवर शाळेत दोनाऐवजी एकच मास्तर उरला होता. दुसऱ्याचा पगार निघेना. माझा करार संपून मी निघालो तेव्हा फिटर निरोपाला आला.

"साहेब, तुम्ही माझं घर वाचवलंत," तो म्हणाला. "पण जे मास्तर गेले ना, ते पहिलीला होते. माझी पोरगी त्यांच्याकडं शिकत होती. आता दोन वर्ग एकत्र बसवतात. तिला काय समजत नाय म्हणते."

तो तक्रार करत नव्हता. नुसते सांगत होता.

पुढे मुंबईत परत आल्यावर आणि निवृत्तीनंतरही, कुठे ना कुठे जुगारगृहे उघडायची भाषा मी ऐकत आलो आहे. त्यातून कर मिळेल, रोजगार मिळेल, रुग्णालये बांधता येतील. ही माणसे सगळीच खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. मामू खोटे बोलत नव्हता, त्याच्यापेक्षा स्वच्छ अड्डेवाला मला पुन्हा भेटला नाही. पण फायद्याला भिंती असतात, कौले असतात, त्यावर पाटी लावता येते. तोटा घराघरांत विखुरलेला असतो, आणि प्रत्येक घर तो आपलीच लाज म्हणून झाकून ठेवते. म्हणून तो कधी मोजला जात नाही, आणि तो मोजायचे काम ज्यांचा फायदा होतो त्यांच्यावर सोडणे हा मला गुन्हा वाटतो.

आणि दुसरी बाजूही मी लपवत नाही. अड्डा बंद करणे सोपे होते, त्याला एक फौजदार पुरला. पण अड्ड्याने जे चालवले होते ते आपल्या कमाईतून, न हसता, दर महिन्याला चालवणे, ते काम आपल्या सगळ्यांचे होते. ते आम्ही कुणी पुरे केले नाही. त्याची किंमत पहिलीतल्या एका मुलीने भरली, आणि तिने तर कधी पत्ता हातात धरला नव्हता.